पन्नास वस्तूंचं चामडं-किट आणि एक हँडबॅग

‘लेदर क्राफ्ट किट’ म्हणून ऑनलाइन जे विकलं जातं ते बहुतेक एकाच साच्यातलं असतं. डबा बदलतो, नाव बदलतं, आतला ऐवज तोच. इथे तपासलेलं किटही त्याच जातीचं, पन्नासेक वस्तूंचं. कसोटीला घेतली ती साधी खांद्यावरची बॅग: ३२ सेंमी रुंद, २८ सेंमी उंच, तळाशी ८ सेंमी जाड. निकाल आधीच सांगायचा तर, एवढ्या गर्दीतून कामाला येतात सात-आठ वस्तू. आणि ज्या दोन वस्तूंवर सगळी शिलाई उभी असते, ती भोकं पाडणारी दातेरी छिन्नी आणि सुई, त्याच आधी दुरुस्त करून घ्याव्या लागतात.

सुईपासून सुरू करू. हाताने चामडं शिवताना एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवतात आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी काढतात. म्हणून सुई बोथट हवी. किटमध्ये येतात त्या टोकदार, शिवाय दोन-तीन वाकड्या, ज्या गादीवाल्याच्या कामाच्या. टोकदार सुई भोकात आधीच असलेल्या दोऱ्याच्या पोटातून आरपार जाते आणि टाका ओढला की तिथेच अडकतो. उपाय सोपा आहे: ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर टोक गोल करून घ्या. भोकं आधीच पाडलेली असल्यामुळे सुईला धार लागतच नाही.

छिन्नीची तक्रार मोठी. दोन, चार आणि सहा दात्यांच्या छिन्न्या मिळतात, दोन दात्यांतलं अंतर ४ मिमी. पण दाते जाड असतात आणि त्यांच्या कडांवर मुलाम्याचे खवले राहिलेले असतात. चामड्यात घुसलेली छिन्नी बाहेर काढताना पदर वर ओढला जातो तो यामुळेच. प्रत्येक दाता आधी ४०० आणि मग १००० नंबरच्या पेपरवर घासा आणि जुन्या मेणबत्तीवर टोचून मगच वापरा. दाते एका रेषेत आहेत का, हे कागदावर दाबून पट्टी लावून बघा. एखादा तिरका असेल तर ती छिन्नी परत करणंच बरं, तो सरळ होत नाही. खाली स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा भाजी चिरायचा बोर्ड ठेवा. फरशीवर ठोकलंत तर पहिल्याच दिवशी टोकं मोडतील. हातोडी लोखंडी नको, लाकडी मोगरी हवी. आणि गंमत म्हणजे एवढ्या पसाऱ्यात मोगरी नेमकी नसते.

शिलाईची रेघ पाडायच्या हत्याराचा स्क्रू दर ओढीला ढिला होतो, त्यामुळे कडेपासूनचं अंतर सरकत जातं. त्यापेक्षा कंपासपेटीतलं कर्कटक ४ मिमीवर धरून कडेने ओढा, रेघ हलत नाही. कापायचं पातंही कुचकामाचं. चांभाराची रापी आणून सहाणेवर धार लावली की कापणं आणि कड तासून पातळ करणं, दोन्ही तिच्यावर होतं. किटमधली आरी मात्र ठीक आहे, मुठीत बसते.

किटमध्ये चामडं नसतं, आणि असलंच तर ते पाकिटापुरतं. या बॅगेसाठी दोन बाजू, १० सेंमी रुंदीची मधली पट्टी (दोन्हीकडे १ सेंमी दुमड धरून) आणि दोन दुपदरी बंदांसाठी ६० सेंमीच्या चार पट्ट्या, मिळून साडेतीन चौरस फूट लागतं. वाया जाणारं धरून साडेचार मागा. धारावीत चामडं चौरस फुटावर मिळतं. दोन्ही बाजूंना १.६ ते १.८ मिमी जाडी पुरे, मधली पट्टी १.२ ते १.४ची घ्या, नाहीतर ती कोपऱ्यात वळत नाही. बंद पाठीच्या कण्याच्या दिशेने कापायचे. पोटाकडचं चामडं ताणतं. महिनाभरात एक बंद दुसऱ्यापेक्षा लांब झालेला दिसतो.

झाडाच्या सालीवर कमावलेलं चामडं आहे की क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं, हे विकत घेतानाच ठरवा, कारण कडेचं सगळं काम त्यावर अवलंबून आहे. क्रोमच्या चामड्याची कापलेली कड बरेचदा निळसर-राखाडी दिसते. ती किटमधल्या लाकडी घोट्याने कितीही घासा, चकाकत नाही. तिला रंगाचे दोन-तीन हात द्यावे लागतात. सालीच्या चामड्याची कड ३२० आणि मग ६०० नंबरच्या पेपरने सारखी करून, ओलसर करून, भिजवलेल्या कतिरा डिंकाचं बोट फिरवून घोटली की काचेसारखी होते. एक सावधगिरी: हे चामडं ओलं असताना लोखंडी हत्यार त्यावर विसरू नका. काळा डाग पडतो आणि तो सहजासहजी जात नाही.

चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल नको, वाळला की कडक होतो. एसआर प्रकारचा रबरी चिकटपदार्थ दोन्ही अंगांना लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबा. मधली पट्टी ८८ सेंमी कापा आणि वरचं जास्तीचं टोक शेवटी छाटा. गोल कोपऱ्यांत थोडी लांबी वाचते, पण ती आधी अचूक मोजायला गेलात तर पट्टी हटकून तोकडी पडते. कोपऱ्यावर दोन दात्यांचीच छिन्नी चालवा आणि प्रत्येक वेळी पहिला दाता मागच्या शेवटच्या भोकात ठेवा.

एका बाजूची शिलाई सुमारे ८५ सेंमी, म्हणजे २१० च्या आसपास टाके. दोरा शिलाईच्या चौपट लागतो. एका बाजूची शिलाई निम्म्यात तोडून दोन-दोन मीटरच्या दोन तुकड्यांनी शिवा. दोन्ही बाजू आणि बंद धरून दोरा एकूण १९ मीटर होतो. किटमध्ये १० मीटरच्या रंगीत रिळांचं कौतुक असतं, पण एका रंगात बॅग संपत नाही. तेव्हा मेण लावलेला ०.८ मिमीचा एक मोठा रीळ वेगळा आणा. कोणती सुई आधी घालायची, हा क्रम एकदाही मोडू नका. मोडला की टाक्यांचा तिरपेपणा त्या जागी उलटतो आणि लांबूनही दिसतो.

किटमधल्या रिव्हेटांचा दांडा ६ मिमीचा. दुपदरी बंद ३.२, बॅगेची बाजू १.६ आणि आतला आधाराचा तुकडा धरला की जाडीच ६ मिमीवर जाते, मग टोपी बसणार कशी? वरून बसल्यासारखी वाटते आणि पहिल्या वजनाला निघते. दांडा चामड्याबाहेर २-३ मिमी तरी यायला हवा. नाहीतर बंद चौकोनी शिलाईने जोडा, तो जास्त भरवशाचा.

किटच्या पत्रकात चुंबकी बटण सगळ्यात शेवटी दाखवलंय. ते दोन्ही बाजू सपाट असतानाच, पाठीमागे चामड्याचा तुकडा देऊन लावा. बॅग शिवून झाल्यावर पाकळ्या वाकवायला आत हातोडी फिरत नाही.