लेडीज एमटीबी: घाट, सडा, चिखल आणि सराटे

माझी लेडीज एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, चांगली आहे, हे आधीच सांगते. पण ती ‘बायकांसाठी खास’ आहे म्हणून चांगली आहे, असं मला आता वाटत नाही. एवढं लांबलचक लिहायला बसले ते त्यासाठीच.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतली. अॅल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे पुढे धक्के झेलणारा 100 मिमीचा, हवेवर चालणारा फोर्क आणि मागे तसं काही नाही. पुढे 32 दात्यांची एकच चकती, मागे 11 ते 46 दात्यांची, दहा गिअरची कॅसेट, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, 2.25 इंच रुंद टायर. साइज एस, त्यामुळे चाकं 27.5 इंची, याच मॉडेलच्या मोठ्या साइजला 29 ची येतात. माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन 52 किलो. वजन चारचौघांत कोणी सांगत नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही.

दुकानातून सायकल आली तेव्हा फोर्कमधली हवा सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला शोभेल एवढी होती. फ्रेमवर फुलाफुलांची नक्षी बायकांची आणि हवा पुरुषाची! अशा फोर्कवर हलका माणूस बसला की तो दबतच नाही, आणि प्रत्येक खडा थेट मनगटात येतो. उपाय फुकटातला आहे. फोर्कच्या नळीवर एक रबरी रिंग असते, ती खाली सरकवायची, नेहमीच्या बॅगेसकट सायकलवर बसायचं, हळूच उतरायचं आणि रिंग किती वर गेली ते मोजायचं. 100 मिमीचा फोर्क 20 ते 25 मिमी दबायला पाहिजे. माझा जेमतेम 10 दबत होता. शॉकपंपाने, म्हणजे फोर्कच्या हवेसाठीच्या खास पंपाने, हवा कमी करत गेले आणि तीच सायकल वेगळी वाटायला लागली. साधा पंप इथे चालत नाही, शॉकपंपच लागतो. चार जणींत मिळून एक घेतला तरी पुरतो.

आता रस्ते. समर्थ मंदिरावरून बोगद्यातून बाहेर पडलं की साताऱ्याच्या सायकलवाल्यांना दोन वाटा: एक यवतेश्वर-पेट्री-कासकडे, दुसरी परळी-ठोसेघरकडे. यवतेश्वरचा घाट डांबरी आहे, तिथे ही सायकल जड वाटते आणि टायर घूं-घूं करत राहतात. हिल मॅरेथॉनच्या सरावाला आलेली मंडळी चढाला मला मागे टाकून जातात, आणि ती पायी असतात. फक्त घाट आणि महामार्गच करायचा असेल तर एमटीबी घेऊच नये, हायब्रिड, म्हणजे बारीक टायरची हलकी सायकल घ्यावी. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरी मजा ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर. पवनचक्क्यांसाठी केलेले मुरमाचे रस्ते मैलोन्‌मैल पसरलेत. लाल जांभ्याचा चुरा, मधेच उघडा कातळ, मधेच सुपारीएवढे सुटे खडे. डिसेंबर-जानेवारीत तिथे पोचलं की सायकल कशासाठी बनवली ते कळतं. सुट्या खड्यांवरून उतरताना पुढचं चाक थोडं तरंगतं, पण हँडल घट्ट आवळून धरलं नाही तर आपली रेघ सोडत नाही. यात फोर्कपेक्षा टायरच्या हवेचा वाटा मोठा आहे. दुकानदार ‘चाळीस भरलीय, ताई, बिनधास्त जावा’ म्हणतो. 52 किलोच्या बाईला चाळीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) म्हणजे चेंडू. ट्यूब असताना मी 28 वर आणलं, ट्यूबलेस केल्यावर पुढे 19 आणि मागे 22. तेव्हा कुठे टायर खड्यावर पसरून पकड घेतो, उड्या मारत नाही.

सड्यावरचा वारा मात्र सायकलच्या आवाक्यातला नाही. आडवा वारा आला की 720 मिमीच्या हँडलवरही खांदे दुखून येतात. पावसाळ्यात तिथे धुकं इतकं उतरतं की पवनचक्की दिसत नाही, तिचा आवाज तेवढा डोक्यावरून येतो. त्या दिवसांत कातळावर शेवाळ धरतं. त्यावर कुठलाही टायर चालत नाही, महागातला महाग आणला तरी. वळायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, सरळ रेषेत पार व्हायचं, नाहीतर उतरून चालायचं.

कासच्या पठाराबद्दल विचारणारे फार. डांबरी रस्ता सोडून पठारावर चाक घालू नका. 2012 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे हे तर झालंच, पण कातळावर मातीचा थर बोटभरही नसतो आणि त्यातच ती सगळी फुलं उगवतात. टायरची एक घळ पडली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच वाहतं.

पावसाळ्यात सगळ्यात आधी बोललं ते ब्रेकचं पॅड. घाटातलं लाल पाणी आणि बारीक रेती डिस्कवर बसते आणि पॅड पॉलिशपेपरवर घासल्यासारखे झिजतात. कंपनीने दिलेले रेझिनचे पॅड पहिला पावसाळासुद्धा पूर्ण करू शकले नाहीत. मेटलचे, म्हणजे सिंटर्ड पॅड ओल्यात जास्त टिकतात, जरा किंचाळतात एवढंच. पण घेण्याआधी डिस्क नीट वाचा. या किमतीच्या बऱ्याच सायकलींच्या डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं. त्यावर मेटलचं पॅड चढवलं तर डिस्कच खाल्ली जाते. म्हणजे पॅडबरोबर दोन्ही डिस्क बदलायचा खर्च धरून चालायचं. किंमत सांगताना हे कोणी सांगत नाही.

ब्रेकची तक्रार एवढीच. लिव्हरबद्दल मात्र कौतुक. लिव्हर हँडलच्या जवळ आणायचा स्क्रू असतो, अॅलन की घालून दोन-तीन फेरे दिले की लहान बोटांनाही एका बोटात ब्रेक लागतो. सज्जनगडाच्या उतारावर चार बोटांनी लिव्हर ओढत आलेली बाई आणि एका बोटाने आलेली बाई यांचे हात खाली उतरल्यावर बघावेत. हा स्क्रू पुरुषांच्या सायकलींवरही असतो. फक्त दुकानात फिरवून देत नाहीत.

काळ्या मातीत सायकल नापास. कृष्णेकाठच्या उसाच्या मळ्यातल्या वाटा पहिल्या पावसानंतर ज्याने बघितल्यात त्याला सांगायला नको. वीस-पंचवीस फुटांत टायर दुप्पट जाड होतो, माती मागच्या फ्रेमच्या दोन दांड्यांमध्ये ठासते आणि चाक फिरायचं थांबतं. एस साइजच्या फ्रेममध्ये ती फट आणखी अरुंद आहे. ऊसतोडीच्या दिवसांत माती वाळलेली असते, तेव्हा त्रास पाचटाचा. एक लांब पात गिअरच्या पुलीत गुंडाळली गेली की चेन अडकते. जोर लावून पॅडल मारलं तर मागचा हँगर, म्हणजे गिअर ज्यावर टांगलेला असतो तो फ्रेमचा तुकडा, वाकतो. एक हँगर आधीच घेऊन ठेवा, कारण त्या-त्या मॉडेलचाच लागतो आणि साताऱ्यात तो लगेच मिळेलच असं नाही.

आणि सराटे. दिवाळी उलटली की बांधाबांधाने वाळलेले सराटे पडलेले, त्यात बाभळीचे काटे. ट्यूब होती तोवर पंक्चर काढणं हाच व्यायाम होता. गोडोलीतल्या मेकॅनिकने टायर उलटवून दाखवला आणि म्हणाला, ‘ताई, हे टायर आहे का साळींदर?’ ट्यूबलेस करून घेतलं, प्रत्येक टायरमध्ये 80 ते 100 मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव. काटा टोचतो, पांढरा थेंब येतो, बुजतं, विषय संपला. अट एकच: सीलंट उन्हाळ्यात सुकतं. मार्च ते मे दर दीड-दोन महिन्यांनी टायर कानाशी धरून हलवायचा, आतून डचमळल्याचा आवाज आला नाही तर भर घालायची.

आता ‘बायकांसाठी खास’ म्हणजे नेमकं काय? बायकांसाठीच्या माउंटन बाइकचा इतिहास तसा जुना नाही. 1990 मध्ये अमेरिकेत डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तिथे क्रॉस-कंट्रीत महिलांमध्ये ज्युली फर्टाडो जिंकली. पुढे तिच्याच नावावरून सांताक्रूझ कंपनीने ज्युलियाना आणली. जायंट कंपनीने 2008 मध्ये लिव्ह हा वेगळा ब्रँड काढला. यातही दोन मतं आहेत. लिव्ह म्हणते फ्रेमपासूनच वेगळी हवी. ज्युलियानाने फ्रेम सांताक्रूझचीच ठेवली, शॉकचं ट्यूनिंग तेवढं हलक्या वजनासाठी बदललं. स्पेशलाइज्ड कंपनीने तर 2019 मध्ये हजारो जणांच्या मापांचा हवाला देऊन सांगितलं की स्त्री-पुरुषांत जेवढा फरक आहे त्याहून जास्त फरक दोन बायकांमध्येच असतो, आणि वेगळ्या फ्रेम थांबवल्या.

इतके महिने चालवून माझं मत ‘वेगळी फ्रेम नको’ या बाजूला झुकलंय. मैत्रिणीची साधी, ‘जेन्ट्स’ म्हणून विकलेली एस साइज मी सड्यावर चालवली. फोर्कची हवा, टायरची हवा आणि लिव्हर माझ्या मापाने लावल्यावर फरक सांगता येईना. तिचं हँडल थोडं रुंद, तेवढंच. ते कापून मिळतं.

एक गोष्ट मात्र खरोखर बायकांची लागते: सीट. आणि गंमत अशी की ‘लेडीज’ सायकलवर आलेली सीट सगळ्यात वाईट निघाली. जेलची, गुबगुबीत, अंगठ्याने दाबून बघितली की कोणीही खूश होईल. तासाभरानंतर मात्र हाडं त्या जेलमध्ये रुततात आणि जिथे भार पडायला नको तिथे पडतो. बसण्याच्या दोन हाडांमधलं अंतर मोजून, 155 मिमी रुंद, मधे खाच असलेली, चांगली कडक सीट लावली. शेजारच्या काकूंनी ती बघून ‘अगं, यावर बसतेस तरी कशी?’ विचारलं. त्यावर बसूनच बामणोलीपर्यंत जाऊन आले, कुठे काही दुखलं नाही. बायका या विषयावर दुकानात बोलत नाहीत आणि दुकानदारही विचारत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहिलंय.

किरकोळ कुरकुर: पावसानंतर सीटपोस्ट करकरायला लागली, ती काढून, पुसून, ग्रीस लावल्यावर थांबली. हेडसेटच्या, म्हणजे हँडल जिथे वळतं तिथल्या बेअरिंगमध्ये मुळात ग्रीस नावापुरतंच होतं. नवी सायकल कोणत्याही कंपनीची असो, आपल्याकडच्या पहिल्या पावसाआधी एकदा उघडून ग्रीस भरून घ्या. प्लास्टिकची पॅडल पहिल्याच आठवड्यात काढून पिना असलेली लावली.

उरला गिअर. 32 ला 46 हा सगळ्यात हलका गिअर मला बोरणे घाटात, पाठीवर दोन लिटर पाणी असताना, पुरत नाही. 28 ची चकती आवडली असती, पण माझ्या क्रँकला, म्हणजे पॅडलच्या दांडीला, चकती बसवायचे चार बोल्ट आहेत, 104 मिमीच्या वर्तुळावर, आणि त्यावर 30 च्या खाली जाता येत नाही. डायरेक्ट माउंट क्रँक, म्हणजे चकती थेट दांडीवर बसते ती, असती तर जाता आलं असतं. घेताना हे आधी बघा. मी 30 ची मागवली आहे. चढ सहा टक्क्यांनी हलका होईल, आणि पाऊस लागायच्या आत ती बसवून हवी, असं मेकॅनिकला बजावून ठेवलंय.