मराठा मंदिर, सकाळी साडेअकरा: डीडीएलजे गाण्यांसकट बघा

मराठा मंदिर थिएटरला डीडीएलजे, म्हणजे ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’, बघायला जाणार असाल तर आधी एक सांगते. गाणं लागलं म्हणून उठू नका. पाणी, बाथरूम, फोन, सगळं मध्यंतरावर टाका. या सिनेमात जे महत्त्वाचं बोललं जातं ते बहुतेक गाण्यातच बोललं जातं, आणि ते नीट ऐकायला याच्याइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही.

मी मुंबई सेंट्रलच्या जवळ स्टाफ नर्स आहे. नाइट संपते, हँडओव्हर होतो, तोंड धुऊन चहा घेतला की झोपेची वेळ टळलेली असते. अशा सकाळी साडेअकराचा मॅटिनी शो हा माझा ठरलेला विसावा. वर्षानुवर्षं जाते आहे, आणि हे थिएटर कुणाला सुचवायचं असलं की पोटतिडकीनेच सुचवते.

थिएटर १९५८ सालचं. ‘मुघल-ए-आझम’ ऑगस्ट १९६० मध्ये इथेच पहिल्यांदा लागला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ ला आला तो आजही इथे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये एक हजार आठवडे झाले. पुढच्या फेब्रुवारीत शो बंद होणार अशी बातमी आली, तर लोकांनी इतका आग्रह धरला की तो परत चालू करावा लागला. मध्ये कोविडात सगळीच थिएटरं बंद होती तेवढाच मोठा खंड. तिकीट अजूनही एवढं स्वस्त आहे की मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या पैशात घरातली दोन-तीन माणसं आरामात बसतील.

प्रेक्षक कोण असतात ते बघण्यासारखं आहे. समोर रेल्वे स्टेशन, बाजूला एसटीचा डेपो. संध्याकाळच्या गाडीने गुजरात-राजस्थानकडे निघालेले लोक बॅगा पायाशी घेऊन बसलेले असतात. कॉलेजची पोरं-पोरी असतात, रात्रपाळी करून आलेले असतात, आणि लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेली जोडपीही असतात. बहुतेकांना सिनेमा पाठ असतो. काजोल निघून जायला लागते आणि शाहरुख मनाशी ‘पलट’ म्हणतो, तेव्हा त्याच्या आधी हॉल म्हणतो. तिने वळून बघितलं की शिट्ट्या. तरीही ती वळेल की नाही याची धाकधूक दर वेळी वाटतेच.

या खेपेला आमच्या वॉर्डातल्या नव्या सिस्टरला बरोबर नेलं. वय तेवीस-चोवीस, गाव लातूरकडचं. तिने सिनेमा मोबाइलवर बघितला होता, गाणी पुढे ढकलत. मध्यंतरात समोसा खाता खाता म्हणाली, “ताई, मोबाइलवर बघताना मला कळलंच नव्हतं की ही दोघं प्रेमात नक्की पडतात कधी. एकदम युरोपातून परत आली आणि रडायलाच लागली.”

बरोबरच आहे. कारण ते घडतं ‘हो गया है तुझको तो प्यार सजना’ या गाण्यात, आणि तेच तिने ढकललं होतं. ट्रिप संपताना सिमरन (काजोल), जिचं लग्न बापाने दुसरीकडे ठरवलंय, राजला (शाहरुख) विचारते, माझ्या लग्नाला येशील ना? तो नाही म्हणतो. तेवढ्यावर निरोप होतो. दोघांपैकी कुणीही समोरासमोर ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणत नाही. मग गाणं सुरू होतं आणि दोघांना जिथे तिथे एकमेकं दिसायला लागतात. ते गाणं काढून टाकलं तर मधली पायरीच निखळते.

लोक म्हणतात, हिंदी सिनेमात गोष्ट थांबवून गाणी घुसडतात. वाईट सिनेमांत घुसडतातही. पण आपल्याकडे ज्या घरात मुलगी बापासमोर मान वर करून बोलत नाही, त्या घरातली प्रेमकहाणी सांगायची कशी? बोलायची सोय नाही तिथे गायची सोय असते. लग्नघरात, मेंदीच्या रात्री, सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखत पोरगा ‘मेहंदी लगा के रखना’ म्हणत नाचतो. आत्या, काका, नवरदेव सगळे टाळ्या वाजवत असतात, आणि गाणं कुणासाठी आहे ते फक्त त्या मुलीला आणि आपल्याला माहीत असतं. इथे ढोल खुर्चीच्या पाठीतून जाणवतो. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाई हातातली पिशवी न सोडता मांडीवर ताल धरून बसल्या होत्या, पूर्ण गाणंभर.

मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. ‘संगीत सौभद्र’ आठवा, १८८२ सालचं. सुभद्रेचं मन अर्जुनावर, आणि दादा बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालेला. अर्जुन संन्याशाच्या वेषात त्याच घरात येऊन राहतो, आणि बलरामच मोठ्या भक्तिभावाने बहिणीला त्याची सेवा करायला सांगतो. आता हा सिनेमा बघा. बापाने सिमरन कुलजीतला द्यायची ठरवलेली, आणि राज नवरदेवाचा मित्र बनून लग्नघरात मुक्काम ठोकतो. आपल्या आज्या-पणज्या जे कथानक पदापदाला वन्स मोअर देत बघायच्या, तेच हे. फरक शेवटाचा. तिथे सुभद्रेचं हरण होतं, इथे मुलगा पळवून न्यायला साफ नकार देतो. हे मला फार आवडतं, आणि याच नकारावर माझा आक्षेपही आहे. त्याचं पुढे सांगते.

‘तुझे देखा तो ये जाना सनम’च्या आधी मेंडोलिन वाजतं आणि हॉल शांत होतो. आत्तापर्यंत शिट्ट्या मारणारी पोरंसुद्धा गप्प. पिवळंधमक मोहरीचं शेत या पडद्यावर अख्ख्या भिंतीएवढं होतं; मोबाइलवर तो एक पिवळा ठिपका असतो. ती कानोसा घेत येते, तो दिसतो, ती धावते. आणि मग लताबाईंचा आवाज. सिनेमा आला तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या आणि काजोल २१ची. तरी त्या मुलीचा आवाज हाच, अशी खात्री पहिल्या ओळीला पटते. जतीन-ललितची चाल अगदी साधी आहे, कुणालाही गुणगुणता येईल अशी. आनंद बक्षींचे शब्दही तसेच, बोलल्यासारखे. दोघांचं जे इतका वेळ अडलेलं असतं ते इथे सुटतं. त्यामुळे गाणं संपल्यावर ती ‘मला इथून घेऊन चल’ म्हणते तेव्हा मागचं काही सांगावं लागत नाही.

पण मला या सिनेमातलं सगळ्यात मोलाचं गाणं विचाराल तर ते नायक-नायिकेचं नाहीच. लग्नघरात मैफल रंगलेली असते आणि अमरीश पुरींनी केलेले सिमरनचे बाबूजी, ज्यांच्या आवाजाने घर दचकतं, ते बायकोकडे बघून ‘ऐ मेरी ज़ोहरा जबीं’ म्हणायला लागतात. ‘वक़्त’ मधलं, १९६५ सालचं. तो सिनेमा यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेला, आणि या सिनेमाचे निर्माते तेच. फरीदा जलाल लाजतात. जेमतेम काही ओळी. संसारात ज्या माणसाने बायकोला एक गोड शब्द बोललेला आपण ऐकत नाही, त्यालाही मनातलं सांगायला गाणंच लागतं, आणि तेही दुसऱ्याचं. माझ्या शेजारचे पासष्टीचे काका त्या वेळी बायकोकडे न बघता समोर बघून हळूच ती ओळ म्हणत होते. काकूंनी ऐकलं असणार, कारण त्यांनी पदर सावरला.

आता आक्षेप. आईला, म्हणजे लज्जोला, सिनेमाने स्वतःचं गाणं दिलेलं नाही. मुलीला ‘त्याला विसर’ असं सांगताना ती आपल्या आयुष्यभराच्या तडजोडी बोलून दाखवते तो प्रसंग फरीदा जलाल यांनी असा केला आहे की घशात आवंढा येतो. पुढे तीच दागिने हातात ठेवून दोघांना पळून जा म्हणते. मुलीच्या बाजूने उघड उभं राहणारं त्या घरात हे एकच माणूस, आणि राज म्हणतो, नाही, बाबूजींनी हात दिला तरच. म्हणजे आईच्या होकाराला किंमत नाही? शाळकरी वयात मला हा नकार फार थोर वाटायचा. आता रोज वॉर्डात बघते, ऑपरेशनच्या कागदावर सही करायलाही बाई नवऱ्याची वाट बघत बसते. तेव्हापासून तो मला सलतो. प्रेम करायला शिकवणाऱ्या या सिनेमाने एवढं तरी जास्त द्यायला हवं होतं.

शेवटच्या गाडीच्या प्रसंगात कुणी गात नाही, आणि ते योग्यच आहे. तोवर सगळं गाऊन झालेलं असतं. पडद्यावर ते स्टेशन पंजाबातलं, पण चित्रीकरण आपल्या रायगडात झालंय, पनवेलच्या पुढे आपटा स्टेशनवर. आमच्या सिस्टरला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

जायचं असेल तर: सिनेमा तीन तासांच्या वर आहे, म्हणजे बाहेर पडायला दुपारचे तीन धरा आणि गाडी पकडायची असेल तर त्याच्या नंतरची धरा. शांतपणे ऐकायचं असेल तर बाल्कनी घ्या. शिट्ट्यांत सामील व्हायचं असेल तर खाली बसा. सुरुवात चुकवू नका. लंडनमध्ये कबुतरांना दाणे टाकत बाबूजी उभे असतात आणि तिथूनच ‘घर आजा परदेसी’ची हाक सुरू होते. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर त्यांना एकमेकांच्या शेजारी बसवा आणि तुम्ही एक रांग पुढे बसा.