नळीचं माप घ्यायला काय घ्यावं: साधा व्हर्निअर, डिजिटल कॅलिपर की मायक्रोमीटर?

भाची दहा मीटर एअर रायफल मारते. तिला नळीच्या तोंडाशी थोडं वजन वाढवायचं होतं. हे वजन म्हणजे धातूची जाड कडी. नळीवर सरकवायची आणि बाजूचा स्क्रू आवळायचा. (असंच माप घेऊन सायलेन्सर बसवता येईल का, असं कुणीतरी विचारतंच. आपल्या शस्त्र नियमांत तो निषिद्ध वर्गात आहे, त्यामुळे तो विषय इथेच मिटला.) १५ मि.मी. भोकाच्या दोन कड्या मागवल्या. पहिली नळीवर चढेना.

मी डिजिटल कॅलिपरचे आतले जबडे भोकात घातले: १४.९२. नळी बाहेरून १४.९८. म्हटलं, भोकच लहान आहे, आणि इंदूरच्या सांवेर रोडला एका लेथवाल्याकडून ते ०.१० ने वाढवून आणलं. आता कडी नळीवर खुळखुळायला लागली. दुसऱ्या कडीत भाचीने सहज बोट फिरवलं, तर तोंडाशी बर (कापताना उरलेली धातूची बारीक टोकदार कड) लागली. कानशीचे दोन हात मारले आणि कडी गपकन बसली. लेथवाल्याने सांगितलं तेवढंच कापलं होतं, चूक माझीच.

नंतर टेलिस्कोपिक गेजने (भोकात उघडून आतला व्यास धरणाऱ्या साधनाने) पाहिलं तर वाढवलेलं भोक १५.१२ निघालं. म्हणजे मुळात ते १५.०२ होतं. भोकात जबडे व्यासावरून जेमतेम ०.९ मि.मी. बाजूला बसले तरी एवढ्या भोकात ०.१० कमी दिसतं. म्हणून आतलं माप घेताना कॅलिपर जरा हलवत राहायचा आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा. तरीही नळीवर बसणाऱ्या भोकासाठी मी आता कॅलिपरवर विसंबणार नाही, मग तो साधा असो की डिजिटल.

बाहेरच्या मापाला मायक्रोमीटरला, म्हणजे स्क्रू फिरवून मोजणाऱ्या मापाला, तोड नाही. लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०१, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रॅचेट, म्हणजे ठरावीक दाबानंतर घसरणारी टोकाची मूठ. तो टकटक वाजला की दाब दरवेळी सारखाच. कॅलिपरमध्ये दाब तुमच्या अंगठ्याचा. सकाळचा आकडा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. नळी रिकामी असल्याची खात्री करून तीन ठिकाणी माप घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात फिरवून पुन्हा, म्हणजे ओव्हॅलिटी, नळी गोल नसून लंबगोल आहे का ते, कळते. इंदूरच्या मे महिन्याची धास्ती नको: मापांचं प्रमाण तापमान २० अंश, पण ४२ अंशांतही १५ मि.मी. पोलाद ०.००४ मि.मी. एवढंच फुगतं. मायक्रोमीटरची अडचण एकच, ०–२५चा घेतला तर पंचविसाच्या पुढे काही नाही.

डिजिटल ०.०१ दाखवतो, पण त्याची अचूकता साधारण ±०.०२ ते ०.०३, शेवटचा आकडा शोभेचा. स्वस्तातले बंद असतानाही सेल खातात. साध्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट ०.०२, सेल नाही, फक्त चष्मा लागतो. पुढच्या साइटची टनेल (नेम धरायच्या साइटभोवतीची नळी) स्पर्धेत ५० मि.मी.हून लांब किंवा २५हून जाड चालत नाही. ते तपासायला तो पुरून उरतो.

तेव्हा घरात एकच ठेवायचं तर १५० मि.मी.चा साधा व्हर्निअर घ्या. सियागंजात मिळेल, दुकानातच जबडे मिटून उजेडासमोर धरा, फट दिसली तर परत द्या. मायक्रोमीटर विकत घेऊ नका. रामबागेत काय नि लोकमान्य नगरात काय, पीथमपूरच्या टूलरूममध्ये नोकरी केलेला कुणीतरी काका सापडतोच. रायफल घेऊन त्यांच्याकडे जा. भोकासाठी त्यांनाच नळीच्या मापाचा छोटा प्लग (भोकात घालून पाहायचा धातूचा दांडा) लेथवर करून मागा. प्लग जात असेल तर कडी बसणार.

एकूण वजन मात्र साइटसकट काट्यावर घ्या, मर्यादा ५.५ किलोची आहे. आमची खुळखुळणारी कडी आता ०.०५च्या पितळी शिमचा (पातळ पत्र्याचा) एक वेढा देऊन बसवली आहे.