हनीवेल पीटीएम७९५०: दुसऱ्या उन्हाळ्यात पैसे वसूल

गेमिंग लॅपटॉपची थर्मल पेस्ट (चिप आणि तिला गार ठेवणारा हीटसिंक यांच्यामधला लेप) बदलून आणली की पहिले काही महिने सगळं झकास चालतं. मग हळूहळू पंखे पुन्हा बोंबलायला लागतात, सीपीयू पुन्हा ९५ अंशांवर जाऊन टेकतो आणि दुकानदार म्हणतो, "पेस्ट सुकली असेल, परत लावून देतो." खरं तर पेस्ट बऱ्याचदा सुकलेली नसते, चिपच्या मधल्या भागातून सरकून कडेला गेलेली असते. हनीवेलचा पीटीएम७९५० हा फेज-चेंज, म्हणजे तापल्यावर मऊ पडणारा, पॅड नेमका या दुखण्यावरचा इलाज आहे, त्यामुळे त्याला पारखायचं तेही याच कसोटीवर. लावल्या दिवशी तो चांगल्या ताज्या पेस्टपेक्षा किती थंड ठेवतो एवढंच बघणाऱ्याच्या पदरी निराशा येईल. तो फरक एक-दोन अंशांचा असतो, कधी कधी काहीच नसतो.

पेस्ट सरकते कशी, ते आधी. लॅपटॉपच्या सीपीयूवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिपवरही नसतं. हीटसिंकचं तांबं थेट सिलिकॉनवर बसतं. गेम सुरू केला की दोन मिनिटांत चिप ५० वरून ९० अंशांवर जाते, बंद केला की तितक्याच वेगाने खाली येते. तांबं आणि सिलिकॉन सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे दर फेरीला मधली फट किंचित कमी-जास्त होते आणि पेस्ट थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. याला पंप-आउट म्हणतात. जितकी पातळ पेस्ट तितकं हे लवकर होतं. विदर्भात मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत खेळणाऱ्यांचं तापमान मुळातच वरच्या टोकाला असतं, म्हणून बिघाडही तिथे आधी दिसतो.

पीटीएम७९५० ही साधारण पाव मिलिमीटर जाडीची करडी चादर असते, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पापुद्रा लावलेली. थंड असताना ती घट्ट असते. सुमारे ४५ अंशांवर मऊ पडते, हीटसिंकच्या दाबाखाली पसरते आणि तिची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांवर येते. पण मऊ झाल्यावरही ती पेस्टसारखी ओघळत नाही, आणि गार झाली की पुन्हा जागच्या जागी घट्ट होते. सगळी करामत एवढीच.

पाकिटावरच्या आकड्याला फारसं महत्त्व देऊ नका. हनीवेल या पॅडची औष्णिक वाहकता ८.५ वॅट प्रति मीटर-केल्विन सांगतं. आर्क्टिकच्या एमएक्स-४ पेस्टच्या जाहिरातीतही वर्षानुवर्षं ८.५ च होते, आणि थर्मल ग्रिझलीचं कंडक्टोनॉट हे लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा द्रव धातू) तर ७३ चा दावा करतं. आकड्यांवर गेलं तर हा पॅड विकत घ्यायचं कारणच उरत नाही. पण उष्णता किती सहज पार होते हे थर किती पातळ बसतो आणि तो तिथेच टिकतो का, यावरही तेवढंच अवलंबून असतं. फ्रेमवर्क कंपनीने आपल्या १६ इंची लॅपटॉपमध्ये सुरुवातीला सीपीयूवर लिक्विड मेटल दिलं होतं. पुढे ते सोडून कंपनी हनीवेलच्याच पीटीएम७९५८ या फेज-चेंज मटेरियलवर आली. कागदावर कितीतरी पट सरस असलेलं मटेरियल प्रत्यक्षात टिकाऊपणात मागे पडलं.

आता लावायचं कसं. इथे घाई केली तर चांगला पॅडही वाया जातो.

उघडण्याआधी पाच-दहा मिनिटं गेम चालवून लॅपटॉप गरम करा. जुनी पेस्ट मऊ पडते आणि हीटसिंक सहज सुटतो. मग पूर्ण बंद करून, मागचं झाकण काढून, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. झाकणाचे आणि हीटसिंकचे बरेचसे स्क्रू पीएच० किंवा पीएच०० या बारीक फिलिप्स मापाचे असतात. घरातला मोठा स्क्रूड्रायव्हर लावला की खाच गेलीच म्हणून समजा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा-एक फेरा. एकच कोपरा पूर्ण सोडला तर सगळा दाब उघड्या चिपच्या दुसऱ्या कडेवर येतो आणि सिलिकॉनचा टवका उडू शकतो.

हीटसिंक निघाला की पुसायची घाई करू नका. तांब्यावर जुन्या पेस्टचा चौकोनी ठसा दिसेल. मध्ये तांबं जवळजवळ उघडं आणि कडेला पेस्टची जाड वळी असेल, तर निदान झालं: पंप-आउट. ठसा एका कोपऱ्यात जाड आणि दुसऱ्यात पातळ असेल, तर हीटसिंक वाकडा बसतोय किंवा एखादा स्क्रू नीट आवळलेला नव्हता. त्यावर नुसता पॅड बदलून भागणार नाही. याच ठशाला पट्टी लावून चिपचं माप घ्या. ते यंत्रागणिक बरंच बदलतं. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमधली एडी१०७ चिप सुमारे १५९ चौरस मिमीची आहे, तर ३०६० मधली जीए१०६ सुमारे २७६ ची.

सफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं असेल तर उरलेलं पाणीच असतं. चालतं, पण वाळायला भरपूर वेळ द्यावा लागतो. चिपच्या भोवतीचे बारीक कपॅसिटर खरवडत बसू नका. तिथे उरलेल्या पेस्टने काही अडत नाही, उडालेल्या कपॅसिटरने मात्र मदरबोर्ड जातो.

पॅड झिपलॉक पिशवीत घालून फ्रिजमध्ये १५-२० मिनिटं ठेवा. फ्रीझरमध्ये नको, तिथे तो कडक होऊन तुकडे पडतात. थंड न करता पापुद्रा काढायला गेलात तर पॅड उन्हात राहिलेल्या कॅडबरीसारखा कागदालाच चिकटून येतो. कापायचं पापुद्र्यांसकट, धारदार कटरने, चिपपेक्षा प्रत्येक बाजूला साधारण एक मिलिमीटर जास्त. कमी पडला तर उघडा राहिलेला कोपराच हॉटस्पॉट होतो. जास्त झाला तर नुकसान नाही. हा पॅड वीजवाहक नसल्याने शेजारच्या कपॅसिटरवर आला तरी शॉर्ट होत नाही. लिक्विड मेटलच्या तुलनेत घरच्या घरी काम करणाऱ्याला हीच सगळ्यात मोठी सूट आहे.

एका बाजूचा पापुद्रा काढा, पॅड चिपवर ठेवा, वरच्या पापुद्र्यावरून बोट फिरवून नीट दाबा. आता दुसरा पापुद्रा. बहुतेक जण अडतात ते इथेच. कोपऱ्यावर सेलोटेपचा तुकडा चिकटवून पापुद्रा सरळ वर न उचलता, जवळजवळ पॅडला समांतर, मागे ओढत आणायचा. पॅड सोबत उचलला जाऊ लागला तर थांबा, परत दाबा, फ्रिजमधला चमचा कोरडा पुसून मिनिटभर त्यावर टेकवा आणि पुन्हा ओढा. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या हवेत थंड वस्तूवर लगेच दव धरतं, म्हणून पॅड पिशवीतून काढला की वेळ दवडू नका. एवढं करून कोपरा फाटलाच तर तो तुकडा जागेवर ठेवून द्या. वितळल्यावर तो आपोआप मिसळतो. लहानशी भेग किंवा थोडं एकावर एक आलेलं चालतं.

स्क्रू आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे, स्प्रिंग पूर्ण दबून स्क्रू थांबेपर्यंत. त्यापुढे जोर लावायचा नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर तापमान जुन्या पेस्टपेक्षाही वाईट दिसू शकतं. पॅड अजून पाव मिलिमीटरच जाड आहे, पसरलेला नाही, हे त्याचं कारण. २०-३० मिनिटं भार देऊन चिप ७० अंशांच्या वर ठेवा, मग बंद करून पूर्ण गार होऊ द्या. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्यावरच आकडे लिहायला घ्या. पहिल्या पाच मिनिटांचा स्क्रीनशॉट पाहून "पॅड फालतू आहे" म्हणत लॅपटॉप पुन्हा उघडणारे बरेच असतात, आणि त्या उघडण्यात पॅड खरोखरच वाया जातो.

मोजण्याबद्दलही थोडं. लॅपटॉपचा सीपीयू बहुधा मर्यादेला टेकूनच चालतो, त्यामुळे आधी ९५ आणि नंतरही ९५ दिसलं म्हणून काहीच फरक पडला नाही असं नव्हे. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान-वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, सीपीयूवर भार देणारी सिनेबेंच आर२३ चाचणी दहा मिनिटं चालवा आणि सीपीयू पॅकेज पॉवर बघा. त्याच तापमानात सीपीयू आधीपेक्षा जास्त वॅट ओढत असेल, तर पॅड काम करतोय. दोन्ही वेळा पंख्याचा मोड तोच हवा आणि खोलीचं तापमान नोंदवलेलं हवं; ४० अंशांची खोली आणि २४ वर लावलेला एसी यांतले १६ अंश जवळपास जसेच्या तसे वाचनात येतात. कोअर-कोअरमध्ये १०-१५ अंशांचं अंतर दिसलं तर हीटसिंक वाकडा बसलाय असा संशय घ्या. जीपीयूसाठी कोअर आणि हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला बिंदू) यांच्या तापमानातलं अंतर पाहा. एनव्हिडियाच्या कार्डांत ते १०-१५ अंशांच्या आसपास असणं ठीक. २५ च्या पुढे गेलं तर संपर्क बिघडलेला. आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचं वाचन मिळतच नाही, तिथे पॉवर आणि क्लॉक म्हणजे चिपच्या वेगावरून अंदाज बांधावा लागतो.

डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डवर हा पॅड तितकाच चपखल बसतो, कारण तिथेही चिप उघडी असते. डेस्कटॉप सीपीयूसाठी मात्र उगाच खर्च करू नका. झाकणावर पेस्ट बरी टिकते, आणि बदलायची झाली तर कूलर काढणं दहा मिनिटांचं काम. त्यात एएमडीच्या रायझन सीपीयूंच्या एएम४ सॉकेटवर वेगळाच धोका आहे: गार झालेला पॅड इतका घट्ट धरतो की कूलर उचलताना रायझनही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. लावलाच असेल तर काढण्याआधी सिस्टीम गरम करा आणि कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवून मगच उचला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उरलेला तुकडा व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) किंवा व्हीआरएमवर (चिपला वीज पुरवणारे भाग) लावणं. तिथे जाड थर्मल पॅड असतात, कारण तिथली फटच मोठी असते. पीटीएम वितळून पातळ झाला की मेमरी आणि हीटसिंक यांच्यात सरळ हवाच उरते. गेमच्या मध्येच ठिपके, रंगीत चौकोन आणि मग क्रॅश अशी लक्षणं दिसायला लागतात. जुने पॅड फाटले नसतील तर तेच परत वापरा. फाटले असतील तर जाडी मोजून तेवढेच घ्या, किंवा थर्मल पुटी, म्हणजे मोठी फट भरणारा मऊ लगदा, लावा. प्लेस्टेशन ५ मध्ये कारखान्यातूनच लिक्विड मेटल आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि पंख्यांच्या जाळीत धुळीचा थर बसलेला असेल तर आधी तो काढा, त्याशिवाय कुठलाही पॅड उपयोगाचा नाही. एकच हीटपाइप आणि एकच पंखा असलेल्या पातळ लॅपटॉपकडूनही चमत्काराची अपेक्षा नको.

खरेदीत खरी डोकेदुखी नकली मालाची आहे. हनीवेल हा पॅड मुख्यतः कंपन्यांना विकतं. लेनोवोच्या काही लीजन लॅपटॉपमध्ये तो कारखान्यातूनच येतो. किरकोळ बाजारात मिळतो तो कुणीतरी मोठ्या रोलमधून कापून विकलेला, त्यामुळे छापील डबा, होलोग्राम असलं काही शोधण्यात अर्थ नाही. घरी एक तपासणी करता येते. नखाएवढा तुकडा काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवा, पिशवीत बंद करून ६०-७० अंशांच्या पाण्यात धरा आणि बाहेरून दाबा. अस्सल पॅड पातळ करड्या थरासारखा पसरतो. रबरासारखा जाडच राहिला तर तो साधा सिलिकॉन पॅड आहे, परत पाठवा. खात्रीचा विक्रेता सापडत नसेल तर थर्मलराइटचा हेइलोस (Heilos) किंवा थर्मल ग्रिझलीचा फेजशीट पीटीएम घ्या. हे ब्रँडच्या पाकिटात येतात आणि कामात उन्नीस-बीसचाच फरक आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मागताना नुसतं "थर्मल पॅड" म्हणू नका, हातात व्हीरॅमचा निळा पॅड पडेल. "फेज-चेंज" म्हणा, आणि लावूनही घेणार असाल तर पापुद्रा तुमच्यासमोर निघू द्या. वॉरंटीतल्या लॅपटॉपच्या हीटसिंकच्या स्क्रूवर स्टिकर असेल तर आधी ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

८० बाय ४० मिमीच्या चादरीत सीपीयू आणि जीपीयू धरून दोन-तीन लॅपटॉप आरामात होतात, त्यामुळे मित्रांनी मिळून एक घेणं परवडतं. एप्रिल-मेमध्ये मागवत असाल तर पार्सल आल्या आल्या फ्रिजमध्ये सपाट ठेवा. कुरिअरच्या बंद गाडीत तो मऊ पडलेला असू शकतो, थंड झाल्यावर पुन्हा नीट कापता येतो. उरलेला भागही असाच, दोन्ही पापुद्र्यांसकट, पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवायचा. एकदा लावून काढलेला तुकडा मात्र परत वापरू नका.