आयएसडीएन घेऊन आठ महिने झाले, मोडेम माळ्यावर गेला

ही गोष्ट डायल-अपच्या दिवसांतली; आयएसडीएन म्हणजे साध्या तारेवरची डिजिटल फोन लाइन. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी) छोटं काम आहे, पत्रिका, पँफ्लेट वगैरे, आणि फाइल अहमदाबादच्या प्रेसला डायल करून पाठवायची. आधी मोडेम होता, डब्यावर ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) छापलेलं, पण ५६ मिळायला समोरचं टोक डिजिटल लागतं हे विकणाऱ्याने सांगितलंच नाही. प्रेसकडेही साधाच मोडेम, त्यामुळे ३३.६ च्या वर कधी गेलंच नाही. १० एमबीला हिशोबाने ४२ मिनिटं, तेही मधे तुटलं नाही तर, आणि वाड्यातली वायर आजोबांच्या वेळची, पावसाळ्यात ओल धरली की नुसती खरखर. मांडवीचे गिऱ्हाईक शेठ "मोकली दीधुं?" (पाठवलं का?) विचारायला फोन करणार तरी कसे, लाइन एंगेज, शेवटी माणूस पाठवायचे.

आता प्रेसने आणि आम्ही दोघांनी आयएसडीएन घेतलं. तार तीच, तांब्याची एक जोडी. गंमत बघा, एक्स्चेंजमधे आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ के आधीपासून आहेच, मोडेम बिचारा आकड्यांची शिट्टी करतो आणि तिकडे त्या शिट्टीचे परत आकडे होतात. आयएसडीएनमधे ही उठाठेवच नाही. ६४ चे दोन चॅनल, शिवाय १६ चा एक सिग्नलिंगला, म्हणजे कॉल जोडायच्या-तोडायच्या इशाऱ्यांना. दोन्ही जोडले की तीच फाइल साधारण ११-१२ मिनिटांत जाते.

पण मला विचाराल तर स्पीडपेक्षा आवडलं ते कनेक्शन लागणं. मोडेमची ती अर्ध्या मिनिटाची किंचाळी गेली, दोन सेकंदात लागतं. आणि फाइल जात असताना फोन आला तर एक चॅनल सोडून फोन वाजतो, फाइल ६४ वर चालू राहते (हे सेटिंग अ‍ॅडॉप्टरमधे, म्हणजे लाइन आणि कॉम्प्युटरमधल्या डब्यात, शोधायला माझे दोन रविवार गेले). आई खूश, मावशीचा फोन लागतो.

तक्रारी आहेत. दोन चॅनल म्हणजे दोन एसटीडी (परगावचे) कॉल, पहिलं बिल बघून बाबा दिवसभर बोलले नाहीत, आता घाई नसेल तर एकच चॅनल लावतो, मोठ्या फाइली रात्री. जुना फोन त्याच अ‍ॅडॉप्टरला लावलाय, लाइट गेले की तोही मुका, म्हणून छोटा यूपीएस घ्यावा लागला. आणि ओलीने तार बिघडली तेव्हा मोडेम रडतखडत का होईना चालायचा, आयएसडीएन एक दिवस सरळ बंदच पडलं. शेवटी वाड्यातली वायरच बदलून घेतली, ती तेव्हाच बदलली असती तर मोडेमही इतका तुटला नसता असं वायरमन म्हणाला, बाबांसमोर.