पुराची कात्रणं: जाळं, नकाशा की काळरेषा?

गोदावरीच्या पुरांची कात्रणं, फोटो आणि आठवणी जमवणाऱ्या ओळखीच्या एका मुलीने परवा विचारलं, "काका, सगळं स्कॅन झालं. दोन हजारांवर फायली आहेत. एका नजरेत दिसावं म्हणून आता काय वापरू?" असा साठा घेऊन बसलेले नाशकात आणखीही असतील, म्हणून तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

नाव माहीत असेल तर साधा सर्च पुरतो. काय शोधायचं हेच ठाऊक नसतं तेव्हा चित्र लागतं. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ साली त्याचा क्रम सांगितला: आधी सगळ्याचं एकत्र दर्शन, मग जवळ जाणं आणि नको ते गाळणं, तपशील मागितल्यावरच. कुठलंही साधन मी याच क्रमावर तपासतो.

ऑब्सिडियन या टिपणं ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी तुमच्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फायलींत राहतात. उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तरी त्या उघडतील. ही मोठी जमेची बाजू. पण त्याचा ग्राफ, म्हणजे नोंदींचं जाळं, तुम्ही स्वतः घातलेले दुवेच दाखवतो. 'रामकुंड' आणि '१९६९चा पूर' तुम्ही जोडले नाहीत, तर त्यांच्यात रेघ येणार नाही. शे-दोनशे नोंदींपर्यंत हे जाळं वाचता येतं, हजारावर गेलं की नुसता गुंता. तेव्हा एकाच नोंदीभोवतीचा लोकल ग्राफ उघडावा, खरा उपयोग त्याचाच.

टाइमलाइन जेएस हे साधन गुगल शीटमधल्या तक्त्यावरून काळरेषा बनवतं आणि ती दिसते देखणी. मात्र ते साधन बनवणारी नाइट लॅब ही संस्था स्वतःच वीसपेक्षा जास्त स्लाइड नकोत म्हणते. प्रदर्शनासाठी उत्तम, दोन हजार कात्रणांत शोधायला नाही.

या साठ्यासाठी माझं मत क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरला. ते मोफत आहे, आणि पूर ही मुळात जागेची गोष्ट आहे. आपल्याकडे पाणी किती चढलं हे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. कात्रणांचा तक्ता करून हाच त्यातला एक रकाना करा. तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश हे बाकीचे रकाने. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करा, नाहीतर देवनागरीची वाट लागते. मग 'छातीपर्यंत' एवढंच गाळून घेतलं की त्या वेळी सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी कुठवर शिरलं होतं ते ठिपक्यांत दिसतं. ३.१४ या आवृत्तीपासून काळही सरकवता येतो, त्यामुळे १९६९ आणि ऑगस्ट २०१६ एकाच नकाशावर पाहता येतात. जुना नकाशा स्कॅन करून खाली अंथरता येतो.

त्रास आहेच. शिकायला वेळ लागतो, आणि प्रत्येक कात्रणाची जागा हाताने ठरवावी लागते. बातमीत नुसतं 'पंचवटीत पाणी' असेल तर उगाच एका घरावर ठिपका ठेवू नका. 'जागा नक्की / अंदाजे' असा आणखी एक रकाना ठेवा. हे मी फार आग्रहाने सांगतो, कारण नकाशावरचा ठिपका लोक लगेच खरा मानतात.

प्रबंध लिहिणाऱ्यांची गरज निराळी. कनेक्टेड पेपर्स हे संकेतस्थळ संशोधन-लेखांमधल्या संदर्भांच्या साम्यावरून जाळं विणतं. ज्या मराठी लेखांच्या संदर्भयाद्या त्याच्या साठ्यात नाहीत, ते तिथे दिसतच नाहीत. व्हॉसव्ह्यूअर या दुसऱ्या साधनाचा शब्दनकाशा, म्हणजे एकत्र येणाऱ्या शब्दांचं जाळं, इंग्रजी मजकुरासाठी बनवलेला आहे. मराठीत 'गोदावरीला', 'गोदावरीचा', 'गोदेच्या' ही सगळी रूपं आधी एकत्र आणावी लागतात, आणि ते काम हातानेच करावं लागतं.

मुलीला म्हटलं, आधी फक्त पन्नास कात्रणं भर. तिने सुरुवात केली आहे. बातम्यांतली गल्ल्यांची जुनी नावं आजच्या नकाशात सापडत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी आजीजवळ बसून विचारून घेते.