55 इंची टीव्हीला डीव्हीडी प्लेअर : काही महिने वापरल्यानंतर

दिवाळीत घरात 55 इंची 4के टीव्ही आला आणि लगेच बाबांच्या कपाटाचा प्रश्न उभा राहिला. कपाटात नाटकांच्या व्हीसीडी, सिनेमांच्या डीव्हीडी, दोन लग्नं आणि एक मुंज. मोझर बेअर ही डिस्क बनवणारी कंपनी 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकत होती, त्या काळातली बरीचशी खरेदी. 'आता सगळं यूट्यूबवर असतं' हे घरात ऐकून झालं. असेलही, पण आमची मुंज तिथे नाही.

जुना प्लेअर व्यवस्थित चालू होता, पण त्याला फक्त लाल-पांढरी-पिवळी एव्ही वायर. नव्या टीव्हीला ती तीन भोकं नाहीतच. हेडफोनच्या पिनसारखं एकच भोक आणि सोबत अ‍ॅडॅप्टर. लावून पाहिलं तर लग्नातला लाल शालू कडेने पसरलेला आणि अक्षता कुठे दिसतच नाहीत. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे सगळं खपून जायचं.

ब्लू-रे प्लेअर घ्यावा असं मनात होतं. पण त्यातली बरीच मॉडेलं व्हीसीडी वाचत नाहीत, आणि आमचं निम्मं कपाट व्हीसीडीचं. म्हणून एचडीएमआयवाला (चित्र आणि आवाज एकाच डिजिटल वायरीतून देणारा) साधा डीव्हीडी प्लेअर घेतला, तीन हजारांच्या आतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ही मॉडेलं दुकानांतून भराभर गायब होतात, त्यामुळे घेताना काय बघायचं तेच सांगितलेलं बरं.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '1080पी अपस्केलिंग', म्हणजे लहान चित्र ताणून मोठं करणं, असं लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. आपल्याकडच्या पाल (भारतातली जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर चित्र असतं 720 गुणिले 576 ठिपक्यांचं, व्हीसीडीवर तर 352 गुणिले 288. आणि 4के टीव्हीचा पडदा 3840 गुणिले 2160. मधली सगळी भर कुणीतरी अंदाजाने घालायची, ती प्लेअरने घातली काय किंवा टीव्हीने घातली काय. प्रश्न एवढाच की दोघांतला हुशार कोण. आमच्याकडे तरी टीव्ही. प्लेअर 1080पी वर ठेवला की नऊवारीच्या काठाला कंगव्यासारखे दाते दिसायचे, विशेषतः नटी झटकन वळली की. व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट केलेल्या नाटकांत प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची असते. ती नीट जुळवली गेली नाहीत की हे दाते येतात. प्लेअरच्या मेनूत जाऊन आउटपुट 576 वर आणलं आणि बाकीचं काम टीव्हीवर सोडलं, तर काठ सरळ झाला. तुमचा टीव्ही जुना किंवा अगदी स्वस्तातला असेल तर उलटही होईल. दोन्ही लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पण त्यासाठी आउटपुट बदलता येणारा प्लेअर हवा, हे दुकानात आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट पडद्याच्या आकाराची. प्लेअर खोक्यातून काढला तेव्हा त्यात टीव्हीचा प्रकार '4:3', म्हणजे जुना चौकोनी पडदा, निवडलेला होता. तो '16:9', म्हणजे रुंद पडदा, केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर सगळे चेहरे आडवे सुजलेले दिसतात. तरीही काही जुन्या हिंदी-मराठी डीव्हीडी अशा निघतात की सिनेमा मधोमध चौकटीत आणि चारही बाजूंनी काळं. त्या डिस्क चौकोनी टीव्हीसाठीच तयार केलेल्या, प्लेअरचा त्यात दोष नाही. टीव्हीचा झूम वापरला की पडदा भरतो. फक्त सबटायटल्स खालच्या काळ्या पट्टीत असतील तर ती कापली जातात. जावयासाठी, जो बंगळुरूचा आहे, आम्ही झूम बंद ठेवतो.

टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग' (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) नावाचं जे काही असेल ते बंद करा. सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. शार्पनेसही जवळपास शून्यावर. व्हीसीडीला कितीही लाड केले तरी आठ फुटांवरून ती धूसरच दिसते. आम्ही सोफा मागे सरकवला. डोंबिवलीच्या हॉलमध्ये जेवढा सरकतो तेवढा.

आवाजाचा त्रास मात्र अपेक्षेपेक्षा जास्त झाला. 5.1 (सहा स्पीकरांसाठीच्या) आवाजाच्या डिस्कवर संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणं लागलं की शेजारी दार वाजवणार. प्लेअरमध्ये डिजिटल ऑडिओ 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) केला, डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक, कमी केली, तेव्हा आईला संवाद ऐकू यायला लागले. जुनी स्पीकर सिस्टिम थेट प्लेअरला जोडली तर आवाज आधी आणि ओठ नंतर, कारण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो. त्या इनपुटला गेम मोड लावल्यावर हे जवळजवळ गेलं.

खटकलेल्या गोष्टी : समोर डिस्प्ले नाही, त्यामुळे कितवा ट्रॅक चालू आहे हे टीव्ही लावल्याशिवाय कळत नाही. रिमोटवरची अक्षरं बाबांना चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. यूएसबीचं भोक आहे, पण मोबाईलवर काढलेले व्हिडिओ त्यात चालत नाहीत. जुन्या प्रकारच्या फायली तेवढ्या चालतात.

घरी राइट केलेल्या डिस्कचा अनुभव संमिश्र. एका लग्नाची डीव्हीडी बरोबर सप्तपदीला अडकते. जुन्या प्लेअरवर ती रखडत का होईना पुढे जायची. अशा डिस्कचा रंगाचा थर वर्षांनुवर्षं उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, त्यामुळे ज्या अजून चालतात त्या आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आम्ही मुंज उतरवली, लग्नं चालू आहेत.

आणि अमेरिकेतून कुणी डिस्क आणणार असेल तर कव्हरवरचा रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या भागासाठी आहे तो आकडा, आधी बघायला सांगा. तिकडचा 1, आपला 5. भारतीय सिनेमांच्या बऱ्याच डिस्क सगळीकडे चालतात, पण न्यू जर्सीच्या आतेभावाने आणलेला हॉलिवूडचा संच आमच्या प्लेअरने सरळ नाकारला. तो आता परतीच्या बॅगेत जाणार आहे.